मधल्या दराचे डॉलर

आम्ही व्हिएतनामला जाऊन आलो हे कळल्यापासून ओळखीपाळखीचे लोक फोन करतात. व्हिसा कसा काढला, थंडी होती का, शाकाहारी मिळतं का, हे सगळं विचारून झालं की हळूच मुद्द्यावर येतात. "डॉलर म्हणे तुम्हाला फार स्वस्तात मिळाले?" हे श्रीकांतचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं कर्तृत्व. निघण्याआधी पंधरा दिवस त्यानं आमच्या अख्ख्या इमारतीला तो दर ऐकवला होता. आल्यापासून मात्र तो या विषयावर तोंड उघडत नाही, त्यामुळे फोन माझ्याकडे येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. प्रवासाचं वर्णनही होईल आणि दराचं उत्तरही देऊन होईल.

पंचवटी

श्रीकांत नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं खरेदी विभागात होता. तीन कोटेशनं आल्याशिवाय आमच्या घरात मिक्सरसुद्धा आलेला नाही. मी शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्यावर खडूनं सगळे खंड काढले, पण देशाबाहेर पाऊल टाकायला साठी उलटावी लागली. तिकिटं निघाली, हॉटेलं ठरली आणि उरला फक्त खर्चाचा पैसा. तिथं श्रीकांतला खरा हुरूप आला.

ज्यांनी कधी परदेशी पैसा घेतला नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉलरला दोन दर असतात. आपण घ्यायला गेलो की चढा, विकायला गेलो की उतरता. मधली फट दुकानदाराची. श्रीकांतनं शरणपूर रोडचे दोन मनी चेंजर, आमची बँक आणि मोबाइलवरची अ‍ॅपं सगळं पालथं घातलं. कुणी दर कमी सांगे आणि वर शुल्क लावे, कुणी शुल्क माफ करून दरात वसूल करी. वहीत रकाने आखून त्यानं सगळं मांडलं, आणि ती फट त्याला झोपेतही दिसायला लागली.

मग एक दिवस नाश्ता करता करता तो थांबला आणि म्हणाला, "नाशकात डॉलर विकायला कोण जातं?"

उत्तर त्याचं त्यालाच सापडलं होतं. रामकुंडाजवळच्या गल्लीत एक गुरुजी राहतात. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, म्हणून ओळख. हल्ली अमेरिकेतून अस्थी घेऊन येणारे बरेच असतात, आणि त्यांतले काही जण दक्षिणाही खिशात असेल त्याच चलनात देतात. गुरुजी ते डॉलर मोडायला गेले की त्यांना उतरता दर मिळतो. आपण घ्यायला गेलो की चढा. दोघांनी मधल्या दरात भेटायचं, दोघांचाही फायदा. परवान्याशिवाय असा व्यवहार करायचा नसतो. हे मला माहीत होतं आणि श्रीकांतला माझ्याहून जास्त माहीत होतं. पण पंधरा दिवस रकाने भरलेल्या माणसाला काय सांगणार?

गुरुजी सत्तरीचे, बारीक, बोलायला मऊ. त्यांनी कपाटातून पितळी डबा काढला आणि शंभराच्या सहा नोटा मांडल्या. आम्हाला अकरा हव्या होत्या. डबा परत ठेवताना श्रीकांतला कपाटाच्या मागच्या बाजूला एक पांढरं पाकीट दिसलं. त्याच्या कोपऱ्यातून हिरवी नोट डोकावत होती.

"ते काय आहे, गुरुजी?"

"ते द्यायचं नाही, श्रीकांतराव."

"पाच आहेत का?"

गुरुजी माझ्याकडे वळले. "बाई, तीन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, आईच्या अस्थी घेऊन. विमानतळावरून थेट इथं. पिंड ठेवला. कावळे समोर होते, दहा-बारा तरी होते, पण एकही खाली उतरेना. मी म्हटलं, आईचं काही राहिलं असेल तर बोला, शब्द द्या. तो म्हणाला, तिला कशाचीच कमी नव्हती. दीड तास थांबलो. त्याला परतीचं विमान गाठायचं होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि तो गेला. दक्षिणा भरपूर ठेवून गेला. पण काम पुरं झालं नाही, तर ती मी वापरू कशी? आणि परत द्यावी तर तो फोन उचलत नाही."

मी श्रीकांतच्या कोपराला हात लावला. त्यानं तो बाजूला केला. "गुरुजी, नोटेला काय कळतं? तुमच्याकडे पडून तिची किंमत घटतेय. डॉलरमागे चाळीस पैसे कमी लावा, मी घेतो."

गुरुजी पुन्हा कपाटापाशी गेले. मग त्यांनी पाकीट काढून पाटावर ठेवलं, हातात दिलं नाही. "मी देत नव्हतो," ते म्हणाले. "तुम्ही मागून घेताय." श्रीकांतनं नोटा मोजल्या आणि सवयीप्रमाणे सगळ्यांचे नंबर वहीत उतरवून घेतले. आम्ही निघालो तेव्हा गुरुजी दारापर्यंत आले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते मला आवडलं नाही.

हनोई, पहिला दिवस

फेब्रुवारीअखेर हनोईत ऊन नसतं. दिवसभर एक ओला करडा उजेड असतो आणि रस्त्यांवर दुचाक्या इतक्या, की रस्ता ओलांडताना डोळे मिटून चालायचं आणि त्यांनी आपल्याला चुकवायचं, अशी तिथली रीत आहे. मला ती पहिल्या अर्ध्या तासात जमली. श्रीकांत मात्र नाशकात रविवार कारंजाच्या चौकात उभा असल्यासारखा हात दाखवत राहिला.

विमानतळावर घ्यायला आलेला ड्रायव्हर सज्जन माणूस होता. मी मागच्या सीटवर बसले, श्रीकांत पुढे. ड्रायव्हरनं मात्र माझ्या बाजूचं दार लगेच लावलं नाही. उघडं धरून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग मान किंचित लववली आणि दार अलगद लावलं. मला वाटलं, पाहुण्यांचं स्वागत असं करत असतील.

हॉटेलात आलं-लिंबाचं गरम पाणी आलं, तीन पेले. श्रीकांतनं तिसरा पेला स्वतःकडे ओढला आणि म्हणाला, "बघ, एक फुकट." जेवायला गेलो तिथं तीन वाडगे, तीन चॉपस्टिकच्या जोड्या. शाकाहारी दुकान शोधून गेलो होतो. भाताच्या शेवयांचं सूप, त्यात टोफू, अळंबी आणि मूठभर पुदिन्यासारखा पाला. चव हलकी आणि चांगली, फक्त आपल्या जिभेला सारखं वाटत राहतं की फोडणी द्यायची राहिली. मी तिसऱ्या वाडग्याकडे बोट दाखवून नको म्हटलं. वाढणाऱ्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं आणि वाडगा तिथंच ठेवून गेली.

आपल्याकडे पाहुण्यासाठी एक भाकरी जास्त टाकतात, तसं असेल, असं मी मनाशी ठरवलं. मग आजूबाजूला बघितलं. पलीकडे एक गोरं जोडपं जेवत होतं. त्यांच्यासमोर दोनच वाडगे होते.

हनोई, दुसरा दिवस

तिथं डॉलर मोडायचे तर बँकेपेक्षा सोनारांकडे दर बरा मिळतो, हे श्रीकांतनं घरूनच वाचून ठेवलं होतं. जुन्या शहराजवळ एक गल्लीच्या गल्ली आहे, अंगठ्यांची आणि साखळ्यांची छोटी छोटी दुकानं. आपल्या सराफ बाजारात शिरल्यासारखं वाटलं, फक्त गाद्या नाहीत आणि चहा विचारत नाहीत. इथं एका डॉलरला हजारांनी डाँग मिळतात. शंभराची एक नोट दिली की आपण लखपती होतो. श्रीकांत तीन दुकानांत दर विचारून आला आणि चौथ्यात शिरला.

काउंटरमागे माझ्याच वयाची बाई होती, काळा स्वेटर, केस घट्ट बांधलेले. श्रीकांतनं सकाळीच अकराही नोटा एकत्र करून पत्त्यांसारख्या पिसल्या होत्या. दिसायला सगळ्या सारख्या, कोऱ्या, कुठं डाग नाही. तिनं एकेक उचलून अंगठ्याखालून फिरवली. काही डावीकडे ठेवल्या, काही उजवीकडे. शेवटी डावीकडे सहा झाल्या. उजवीकडच्या पाच तिनं बोटाच्या टोकानं आमच्याकडे सरकवल्या.

"खोट्या आहेत?" श्रीकांतनं विचारलं. तिनं नाही अशी मान हलवली. यंत्रात घालून दाखवल्या, हिरवा दिवा लागला. नोटा खऱ्या होत्या, तिला त्या घ्यायच्याच नव्हत्या.

श्रीकांतनं वही काढली आणि नंबर ताडून पाहिले. मी त्याचा चेहरा बघत होते, त्यामुळे मला वहीत बघायची गरज पडली नाही. त्या पाकिटातल्याच पाच होत्या.

पुढच्या दुकानात त्यानं त्या पाचांत आधीच्या सहांतली मागे राखलेली एक मिसळून दिली. एक घेतली गेली, पाच परत आल्या. त्यानंतरच्या दुकानातल्या पोरसवदा सोनारानं तर नोटा हातातही घेतल्या नाहीत. त्यानं मोबाइलमध्ये काहीतरी म्हटलं आणि मोबाइल आमच्यासमोर धरला. तिथं भाषांतराचं अ‍ॅप सगळेच वापरतात. आम्ही आपसांत बोललो ते त्यानं ऐकलं असावं, कारण त्यातून एक बाई सपाट आवाजात मराठीत बोलली. "हे पैसे ज्यांचे आहेत त्यांना विचारा."

"आमचेच आहेत," श्रीकांत म्हणाला.

सोनारानं आमच्या दोघांच्या मधल्या जागेकडे पाहिलं आणि शटरची साखळी हातात घेतली. बाहेर आल्यावर मी मागं वळून पाहिलं नाही, कारण मला पाहायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी फुटपाथवर जागोजागी लोक पत्र्याच्या डब्यांत कागद जाळत होते. चांद्र महिन्याची पंधरावी तिथी होती. कागदाचे कपडे, कागदी चपला आणि कागदाचे डॉलर, हुबेहूब, शंभराचे. पूर्वजांना तिकडे खर्चाला लागतात म्हणून पाठवतात. आपण पितरांना खीर-वडे ठेवतो, हे रोख रक्कम पाठवतात, एवढाच फरक. एरवी मला त्याची गंमत वाटली असती. पण आमच्या कमरेच्या पट्ट्यात जाळायची गरज नसलेल्या पाच नोटा होत्या, आधीच पोचत्या झालेल्या किंवा मधेच अडकलेल्या. मी श्रीकांतला म्हटलं, "आपण काय घेऊन फिरतोय, कळतंय ना तुला?"

"नोटा घेऊन फिरतोय," तो म्हणाला. पण त्यानं पट्टा सोडून खुर्चीवर ठेवला आणि ती खुर्ची बिछान्यापासून लांब सरकवली.

निन्ह बिन्ह

पैसे कमी पडले तसा समुद्रातल्या डोंगरांचा दोन दिवसांचा जहाजप्रवास रद्द झाला. कार्ड होतं, पण त्यावरचं शुल्क ऐकून श्रीकांतनं ते फक्त अडीनडीला वापरायचं ठरवलं. आम्ही बसनं निन्ह बिन्हला गेलो. भातखाचरांतून उभे राहिलेले चुनखडीचे कडे, त्यांच्या पोटातून जाणारी नदी. चित्रात काढलं तर मुलांना मी खोटं म्हटलं असतं असा प्रदेश आहे. उतरलो ते होआ नावाच्या बाईंच्या घरी. चार खोल्या, पुढे फणसाचं झाड, मागे बदकं.

खोलीत तीन गाद्या घातलेल्या होत्या. श्रीकांतनं तिसरी दुमडून कोपऱ्यात ठेवली. आम्ही फिरून आलो तेव्हा ती पुन्हा अंथरलेली होती, पायथ्याशी घडी घातलेलं पांघरूण. होआबाईंनी घातली असणार, असं तो म्हणाला. मीही हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी होडीतून गेलो. होडी वल्हवणाऱ्या बाईनं तीन लाइफ जॅकेटं पुढं केली. आम्ही दोन घालून एक परत दिलं, तर तिनं ते मधल्या फळीवर उभं टेकवून ठेवलं. तिथल्या बायका पायांनी वल्हवतात, आरामात मागं रेलून. एकामागून एक गुहा येत होत्या. आत शिरलं की डोकं गुडघ्यात घालायचं, वर दगड हातभरावर. एका लांब गुहेत उजेड पूर्ण गेला आणि फक्त पाण्याचा आवाज राहिला. तेव्हा मला जवळून एक वास आला, धुतलेल्या जुन्या लुगड्याचा आणि तपकिरीचा. श्रीकांत पुढच्या फळीवर होता. तो वास त्याचा नव्हता आणि माझाही नव्हता. उजेडात आलो तेव्हा मधल्या फळीवरच्या लाइफ जॅकेटचे बंद बांधलेले होते. मी ते श्रीकांतला सांगितलं नाही, कारण तो माझ्याआधीच त्या बंदांकडे बघत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला होआबाई आमच्याशेजारी येऊन बसल्या. भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा होत्या, अगदी आपल्यासारख्या मिठाच्या. त्या बराच वेळ मोबाइलमध्ये बोलल्या. मग तोच सपाट मराठी आवाज ऐकू आला.

"तुमच्याबरोबरच्या आजी रोज सकाळी फाटकापाशी उभ्या असतात. त्यांच्या हातात पिशवी आहे. त्या मला रस्ता विचारतात. मला त्यांची भाषा येत नाही. मी त्यांना बस थांबा दाखवते. त्या जात नाहीत. त्या तुमची वाट पाहतात."

श्रीकांतच्या हातातली शेंग तशीच राहिली. होआबाई घाबरलेल्या नव्हत्या. त्यांना आमचा राग आला होता, म्हाताऱ्या माणसाकडे लक्ष न देणाऱ्या लेकासुनेचा येतो तसा. त्यांनी पुन्हा काही म्हटलं. "त्या जेवत नाहीत. तुम्ही त्यांना विचारत नाही."

मला भीती वाटायची ती तिथं संपली असं नाही, पण तिच्याबरोबर लाज वाटायला लागली. पाच दिवस एक बाई आमच्याबरोबर हिंडत होती आणि तिचं काही अडलंय हे आम्हाला पंचवटीपासून माहीत होतं. तरी आम्ही फक्त तिचे पैसे कुठं चालतील ते शोधत होतो.

मी तिथूनच गुरुजींना फोन लावला. नाशकात सकाळचे आठ वाजले असतील. मी फक्त नाव-गाव विचारलं. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक यजमानाची नोंद असते, पिढ्या, गाव, सगळं. पानं उलटल्याचा आवाज आला.

"सरूबाई," ते म्हणाले. "निफाड तालुका." गावाचं नाव त्यांनी सांगितलं, ते मी इथं लिहीत नाही. "शेवटची आठ वर्षं मुलाकडे, अमेरिकेत. बाई, मी त्याला म्हटलं होतं, गाव इथून तासाभरावर आहे, एकदा घेऊन जा. तर म्हणाला, घर विकलंय, तिथं आता आपलं काय आहे?"

फोन ठेवला तेव्हा श्रीकांत फाटकाकडे बघत होता. तिथं कुणी दिसत नव्हतं, ओला रस्ता आणि बदकं फक्त. मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं. म्हटलं, "सरूबाई, तुम्हाला गावी नेऊन सोडते. माझा शब्द आहे." होआबाईंनी ऐकलं. भाषांतर न करताच त्यांनी तिसऱ्या वाडग्यात पेज वाढली.

आमचे अजून तीन दिवस बाकी होते. श्रीकांत उठला, बाजूला जाऊन मोबाइलवर काहीतरी करत बसला आणि परत येऊन म्हणाला, "उद्याचं विमान केलं." किती जास्त लागले ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विमान भरलेलं होतं, फक्त आमच्या ओळीतली खिडकीची जागा रिकामी राहिली. कुणी यायचंय का, असं मी हवाई सुंदरीला विचारलं. तिनं हातातली यादी पाहिली आणि म्हणाली, तिथले प्रवासी आलेत.

निफाड

घरी बॅगा टाकल्या, आंघोळी केल्या आणि गाडी काढली. मागचं दार श्रीकांतनं उघडलं, थोडं थांबला आणि अलगद लावलं. रस्त्याला दोन्हीकडे द्राक्षांच्या बागा, तोडणीचे दिवस, ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर. मागच्या सीटवरून तपकिरीचा वास येत होता आणि मला आता त्याची सवय झाली होती.

सरूबाईंचं घर विचारत गेलो तर घर नव्हतं. त्या जागी पत्र्याची मोठी शेड होती, द्राक्षं भरायची. पंधरा-वीस बायका ओळीनं बसून घड साफ करत होत्या, कात्र्यांचा आवाज चालू होता. सरूबाईंचं नाव काढल्यावर त्यांतली एक उठून आली. पन्नाशीची, कपाळावर मोठं गोंदण. तिचं नाव हिराबाई, शेडच्या पाठीमागेच राहायची.

"सरूआत्याचे कोण तुम्ही?"

"तसं कोणी नाही," मी म्हटलं. "त्यांना घेऊन आलोय."

माझ्या तोंडून ते तसंच निघालं. ती मला वेड्यात काढेल असं वाटलं. तिनं मला खालवर न्याहाळलं, मग आमच्या गाडीकडं नजर टाकली आणि पदर डोक्यावर घेतला.

"लय उशीर केला," ती म्हणाली, आमच्याशी नाही. "दोन महिन्यांत येते म्हणून गेली व्हती. किल्ली माझ्याकडं देऊन गेली. मग पोरानं तिकडूनच घर विकलं. नव्या मालकानं किल्ली मागितली, म्या नाय दिली. त्यानं कुलूप तोडलं. आता दार नाय, घर नाय, किल्ली तेवढी हाय."

तिनं ती आणून दाखवली, चुलीवरच्या फळीवर ठेवलेली होती. मग ती शेडच्या एका कोपऱ्यापाशी गेली आणि पायानं जमीन दाखवली. "हितं चूल व्हती तिची." तिथं द्राक्षांची खोकी रचलेली होती. तिनं बायकांना सांगून ती हलवली, जागा झाडली आणि किल्ली त्या सिमेंटवर ठेवली. काम करणाऱ्या बायकांच्या कात्र्या थांबल्या. मी वाट बघत होते, कशाची ते मला माहीत नव्हतं. काहीच झालं नाही. थोड्या वेळानं कात्र्या पुन्हा सुरू झाल्या.

हिराबाईनं आम्हाला तिच्या ओट्यावर बसवलं आणि चहा आणला. दोन कप होते. मी ताटलीत पुन्हा पाहिलं. हॉटेलात, टपरीवर, विमानात, गेले सात दिवस ज्यांनी ज्यांनी आम्हाला काही प्यायला दिलं होतं, त्या सगळ्यांनी तीन आणले होते. श्रीकांतनंही कप मोजले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

परतताना गाडीत नुसता गाडीचा वास होता. गावाबाहेर आल्यावर श्रीकांत म्हणाला, "पाकीट गुरुजींकडे देऊन टाकू. आपले रुपये परत मागायचे नाहीत. म्हणावं, आता काम पुरं करा."

मी बरं म्हटलं. थोडं पुढं जाऊन त्यानं एका बागेच्या कडेला गाडी घेतली आणि बंद केली.

"तुझं काय?" त्यानं विचारलं.

"माझं काय?"

"तुला काय हवंय? म्हणजे मला माहीत असायला हवं ना. त्या मुलाचं मला आता काही चुकलेलं वाटत नाही. मला कुणी विचारलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. तिला कशाची कमी नव्हती."

छत्तीस वर्षांच्या संसारात हे त्यानं मला पहिल्यांदा विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ असेल असं मला नेहमी वाटायचं. मनात शोधायला लागले तर तिथं भाजी, औषधं, विजेचं बिल, त्याचं पथ्य, मुलांच्या जुन्या परीक्षा, सगळं नीट लावून ठेवलेलं होतं, आणि माझं असं काही हाताला लागेना. श्रीकांत स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत बसला. शेजारून दोन ट्रॅक्टर गेले. मग मी म्हटलं, विचार करून सांगते.

त्याला आता महिना होऊन गेला. तो रोज सकाळी विचारतो, आणि मी रोज उद्या सांगते म्हणते.